गावी ठेवलेल्या दुचाकीतील जुने पेट्रोल: दर गणपतीला होणारा बिघाड आणि त्यावरील उपाय

मे महिन्यात गावी वापरलेली मोटरसायकल पडवीत लावून मुंबईला परतायचे आणि गणपतीला आल्यावर तिला किक मारता मारता घामाघूम व्हायचे, हा अनुभव कोकणातल्या अनेक चाकरमान्यांना ठाऊक आहे. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरी वडिलांनी घेतलेली १०० सीसीची, कार्बोरेटरची (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाची) मोटरसायकल आहे. लागोपाठ तीन वर्षे तिचा बिघाड एकच होता आणि उपायही एकच होत होता. गॅरेजमध्ये कार्बोरेटर उघडून साफ केला जाई, प्लग बदलला जाई, गाडी सुरू होई आणि विसर्जनाच्या आत पुन्हा बंद पडे. चौथ्या वर्षी मात्र कार्बोरेटरला हात लावण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून पाहिली, तेव्हा कळले की स्वच्छ केलेल्या कार्बोरेटरमध्ये दर वेळी टाकीतले तेच खराब पेट्रोल पुन्हा उतरत होते. वरून दोन लिटर नवे पेट्रोल टाकल्याने ते थोडे पातळ होत होते, इतकेच.

म्हणून पहिली सूचना अशी, की बराच काळ उभी राहिलेली गाडी सुरू होत नसेल, तर दुरुस्तीची सुरुवात टाकीपासून करावी. कार्बोरेटर, फिल्टर, इंजेक्टर हे सारे त्यानंतर पाहावे.

पेट्रोलचे नेमके काय होते

पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नसून ते शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. त्यांतले सर्वांत हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पहिल्या किकला पेटते ते प्रामुख्याने याच घटकांमुळे. ते गेले की पेट्रोल दिसायला तेवढेच उरते, पण पेटायला जड होते. दुसरीकडे हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन काही घटकांचा डिंकासारखा चिकट पदार्थ बनू लागतो. उन्हाळ्याची उष्णता आणि टाकीच्या आतला गंज या क्रियेला वेग देतात. कार्बोरेटरच्या वाटीत जेमतेम काही चमचे पेट्रोल असते आणि ती वाटी बाहेरच्या हवेला जोडलेली असते, त्यामुळे टाकीतले पेट्रोल बरे असतानाही वाटीतले आटून त्याची पिवळसर पापडी धरलेली असू शकते.

तिसरा बदल इथेनॉलमुळे होतो. आपल्याकडे २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सरासरी दहा टक्क्यांवर पोहोचले, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचे, म्हणजे ई-२० पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर येऊ लागले आणि आता जवळपास सर्वत्र तेच मिळते. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. लिटरमागे काही मिलिलिटर पाणी असेपर्यंत इथेनॉल ते आपल्यात सामावून घेते आणि पेट्रोल स्वच्छच दिसते. पण ही मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉललाही आपल्याबरोबर ओढून पेट्रोलपासून अलग होते, आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी जाऊन बसते. मग वर उरते इथेनॉल गमावलेले, कमी ऑक्टेनचे, म्हणजे इंजिनात वेळेआधीच पेटू पाहणारे पेट्रोल, आणि खाली तयार होतो पाणी व इथेनॉल यांचा न पेटणारा थर. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक, म्हणजे तोटी, रिझर्व्हवर केला की इंजिनाला नेमका हाच थर मिळतो, आणि ‘ऑनवर जरा चालते, रिझर्व्हला लगेच मरते’ या तक्रारीचा उलगडा पुष्कळदा इथेच होतो.

हे पाणी कोठून येते, याविषयी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. बंद टाकीतील इथेनॉल पावसाळी हवेतून ओलावा शोषते हे खरे असले, तरी तीन महिन्यांत थर वेगळा होण्याइतके पाणी बहुधा हवेतून येत नाही. ते टोपणातून थेट शिरते. आमच्या गाडीच्या टोपणाचे रबर वाळून भेगाळले होते. टोपणाभोवतीच्या खोलगट जागेतले पाणी वाहून जाण्यासाठी तिथे एक बारीक भोक असते, आणि कुंभारीण माशीने त्यात मातीचे घर करून ते पक्के बुजवले होते. गाडी पडवीच्या कडेला होती. कौलांच्या पागोळ्यांचे पाणी त्या खोलगट जागेत साचत होते आणि रबराच्या भेगेतून थेंबाथेंबाने आत उतरत होते.

टाकी रिकामी करताना

हे काम खळ्यात, मोकळ्या हवेत आणि दिवसाउजेडी करावे. गणपतीच्या दिवसांत घरात समई, निरांजन, उदबत्ती अखंड चालू असते आणि मुले बाहेर फटाके वाजवत असतात, ही गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर विरून जात नाही. जमिनीलगत सरपटत उताराच्या दिशेने जाते आणि दूरवरच्या ज्योतीपर्यंतही पोहोचू शकते. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, तेव्हा ‘आज हवा गार आहे’ या समजुतीला इथे काहीच अर्थ नाही. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवावी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारल्यास ते पाण्यावर तरंगून आणखी पसरते.

मोटरसायकलच्या बाबतीत नळी तोंडाने ओढण्याची गरजच नसते. कॉक बंद करून कार्बोरेटरकडे जाणारी नळी तिथून काढावी, तिचे टोक जमिनीवर ठेवलेल्या धातूच्या डब्यात सोडावे आणि कॉक रिझर्व्हवर न्यावा. ‘ऑन’वर ठेवल्यास आतल्या उभ्या नळीच्या खालचे पेट्रोल, म्हणजे नेमके खराब पेट्रोल, टाकीतच राहते. काही गिअरलेस स्कूटरमध्ये कॉक इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उघडतो आणि इंजिन बंद असताना धार लागत नाही. अशा वेळी, तसेच मोटारीच्या बाबतीत, हातपंप वापरावा.

तोंडाने पेट्रोल ओढण्याची सवय मात्र कायमची सोडावी. माझ्या चुलतभावाने एकदा असे करताना अर्धा घोट गिळला आणि लगेच खोकत सुटला. त्याच्या आईने घाबरून त्याला मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायला घेतली होती आणि आम्ही वेळीच थांबवले. पेट्रोल पोटापेक्षा फुप्फुसांना अधिक घातक असते. ओकारी काढली तर ते पुन्हा घशातून वर येताना श्वासनलिकेत जाण्याचा आणि फुप्फुसांना गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणून पेट्रोल गिळले गेल्यास ओकारी काढू नये आणि रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावे.

भांड्याविषयीही काळजी घ्यावी. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याविना बाळगता येते, पण ते घट्ट बुचाच्या धातूच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात असावे लागते. धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा आणि काचेचे वा चिनी मातीचे भांडे १ लिटरपेक्षा मोठे चालत नाही. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत पेट्रोल कधीही भरू नये. गर्दीच्या घरात कोणी तरी ती पाण्याची समजून तोंडाला लावतो, आणि यात सर्वाधिक धोका लहान मुलांना असतो.

पेट्रोल पाहून निर्णय घेणे

धार बारीक झाली की शेवटचे अर्धा लिटर वेगळ्या काचेच्या बाटलीत घ्यावे, कारण खरी माहिती याच अर्ध्या लिटरमध्ये असते. बाटली अर्धा तास न हलवता सावलीत ठेवावी. आमच्या बाटलीत वर फिकट पिवळे पेट्रोल होते आणि तळाशी बोटभर जाडीचा गढूळसर थर. बाटली किंचित कलती केली की दोहोंमधली रेष आरशासारखी चमकत हळूच हलत असे. खात्रीसाठी घरात मिठाईला वापरायचा पातळ लाल रंग होता, त्याचा एक थेंब ड्रॉपरने सोडला. तो पेट्रोलमधून न विरघळता लाल मण्यासारखा खाली गेला आणि तळच्या थराला टेकताच क्षणात पसरून सारा थर गुलाबी झाला. खाण्याचा रंग पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये विरघळत नाही, आणि एवढ्यावरून निदान पक्के होते.

थर दिसला नाही, तर वास आणि रंग पाहावा. नुसत्या रंगावरून निष्कर्ष काढू नये, शेजारी तेवढ्याच आकाराच्या बाटलीत ताजे पेट्रोल घेऊन तुलना करावी. ताज्या पेट्रोलचा वास तीव्र आणि नाकात शिरणारा असतो, तर खराब झालेल्या पेट्रोलला जुन्या रंगाच्या डब्यासारखा, आंबूस वास येतो आणि ते चहाच्या रंगाकडे झुकलेले असते. आणखी एक साधी परीक्षा म्हणजे फिल्टर पेपरची. पंपावर भेसळीची शंका आल्यास ग्राहक जी चाचणी मागू शकतो, तीच घरीही उपयोगी पडते. कागदावर एक थेंब टाकावा, तो उडून गेल्यावर मागे डाग राहू नये. चिकट, पिवळसर कडा राहिली, तर पेट्रोलमध्ये डिंक तयार झाला आहे असे समजावे. फक्त जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या टाकीतील पेट्रोलला ही परीक्षा लागू पडत नाही, कारण त्यात मुळातच ऑइल मिसळलेले असते आणि डाग पडणारच.

पेट्रोल स्वच्छ आहे, थर नाही, वास जरासा मंद झाला आहे, एवढेच असेल तर ते फेकण्याची गरज नाही. बारीक जाळीच्या गाळणीतून गाळून एका भागाला दहा भाग ताजे पेट्रोल या प्रमाणात ते रोजच्या वापरातल्या, आधीच नीट चालणाऱ्या साध्या गाडीत हळूहळू संपवावे. वॉरंटीतल्या नव्या मोटारीत मी ते घालणार नाही, आणि ज्या गाडीचा बिघाड आपण शोधत आहोत तिच्यात तर मुळीच घालू नये, नाही तर दोष पेट्रोलचा की गाडीचा हे कळणार नाही. थर असलेले, आंबूस वासाचे, काळपट किंवा गंजाचे कण असलेले पेट्रोल मात्र कोणत्याच इंजिनात जाता कामा नये. वरचा स्वच्छ भाग काढून वापरण्याचा मोह होतो, पण तो इथेनॉल गमावलेला भाग असतो आणि त्यावर इंजिन ठोके देऊ लागते. डिझेलच्या गाडीत किंवा पंपात ते ‘थोडेसे’ मिसळण्याचा सल्लाही ऐकू नये.

खराब पेट्रोल कोठे टाकावे

हा सर्वांत अवघड भाग आहे आणि त्याचे उत्तर मला अजूनही पूर्ण समाधानकारक मिळालेले नाही. सर्रास केली जाणारी गोष्ट म्हणजे ते कुंपणाच्या कडेला ओतणे. आमच्याकडे जमीन जांभ्याची आहे. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचे पाणी त्यातून झपाट्याने खाली उतरते, आणि त्या पाण्याबरोबर पेट्रोलही विहिरीकडे जाते. पेट्रोलमधील बेंझिन हे कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेले रसायन आहे. ज्या विहिरीचे पाणी आपण आणि शेजारी पितो, तिच्यापासून पन्नास पावलांवर असे ओतण्याचे समर्थन कोणत्याच कारणाने होऊ शकत नाही.

शहरात तेच पेट्रोल गटारात जाते, आणि तिथे धोका स्फोटाचा असतो. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी गळतीमुळे भूमिगत गटारांत साचलेल्या पेट्रोलच्या वाफेचे स्फोट होऊन रस्तेच्या रस्ते उखडले गेले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. तिथे पेट्रोल फार मोठ्या प्रमाणात गळले होते हे खरे, पण बंद गटारात वाफेचे वर्तन प्रमाण लहान असले तरी तेच राहते.

महाराष्ट्रात घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची सामाईक केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी आहेत, परंतु ती मुख्यतः कारखान्यांसाठी आहेत आणि दोन लिटर पेट्रोल घेऊन तिथे जाण्याची सोय सामान्य माणसाला नाही. व्यवहारात शक्य असलेला मार्ग म्हणजे, ज्या मोठ्या वर्कशॉपमधून जुने इंजिन ऑइल अधिकृत गोळा करणाऱ्याकडे जाते, तिथे आधी विचारून, डब्यावर ‘खराब पेट्रोल, पाणीमिश्रित’ असे ठळक लिहून ते वेगळे सुपूर्द करणे. जुन्या इंजिन ऑइलच्या पिंपात ते परस्पर ओतू नये. ऑइल सहज पेटत नाही या भरवशावर लोक ते हाताळतात, आणि पेट्रोल मिसळल्याने तो भरवसा खोटा ठरतो. पहिल्या वर्कशॉपने आम्हाला नकार दिला, दुसऱ्याने घेतले. तोवर डबा घट्ट बुच लावून स्वयंपाकघर आणि पाण्याचा हिटर यांच्यापासून दूरच्या खोपीत सावलीत ठेवला होता. तळच्या पाण्याच्या थरातही पेट्रोलमधील विषारी घटक उतरलेले असतात, त्यामुळे ‘हे तर पाणीच आहे’ म्हणून तोही झाडांना घालू नये. कार्बोरेटरच्या वाटीतून निघणारे चमचा-दोन चमचे पेट्रोल तेवढे उथळ पत्र्याच्या भांड्यात वाळूवर, ज्योतीपासून लांब, उन्हात उडून जाऊ दिले तर चालण्यासारखे आहे.

चुलीत, शेकोटीत किंवा पाला जाळण्यासाठी पेट्रोल वापरणे म्हणजे हात-तोंड भाजून घेणे. साखळी आणि सुटे भाग धुण्यासाठी ते वापरण्याची पद्धत गॅरेजांत आहे, पण त्याच बेंझिनमुळे मी ती टाळावी असे सांगेन. त्या कामाला डिझेल पुरते.

टाकीनंतरचे काम

टाकी रिकामी झाल्यावर अर्धा लिटर ताजे पेट्रोल घालून ती चांगली हलवावी आणि तेही काढून घ्यावे. विजेरीने आत पाहावे, आणि गंजाची पापडी सुटत असेल तर टाकी उतरवून साफ करून घेण्यावाचून गत्यंतर नाही. किरकोळ गंजाला कॉकनंतर एक छोटा फिल्टर पुरतो. मग कार्बोरेटरची वाटी उघडावी. चोकवर गाडी चालते आणि चोक काढताच मरते, तर पायलट जेट, म्हणजे कमी वेगात इंजिनाला पेट्रोल पुरवणारी बारीक तोटी, बुजलेला असतो. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते आणि डिंकाचा एक कण त्याला पुरतो. कार्बोरेटर क्लीनर मारून हवेचा झोत द्यावा. अगदीच अडले तर विजेच्या वायरीतील तांब्याची एक बारीक तार चालेल, पण सुई किंवा पोलादी तार घालू नये, कारण जेट पितळेचा असतो आणि छिद्र एकदा मोठे झाले की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळत असेल, तर फ्लोटची नीडल, म्हणजे वाटी भरल्यावर पेट्रोल थांबवणारी सुई, चिकटली आहे. जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि रबरी रिंगा ई-२० डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या नव्हत्या, त्या फुगल्या किंवा ठिसूळ झाल्या असतील तर या वेळीच बदलाव्यात.

प्रदूषण नियंत्रणाचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, आणि त्यानंतरच्या बहुतेक दुचाकी इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या आहेत. त्यांच्यात खराब पेट्रोल टाकीतल्या पंपाचे आणि इंजेक्टरचे नुकसान करते, आणि तो खर्च कार्बोरेटर साफ करण्याच्या कित्येक पट असतो. म्हणून सहा महिन्यांहून अधिक काळ उभ्या असलेल्या अशा गाडीला ‘एकदा बघू तरी’ म्हणून स्टार्टर मारत राहू नये. आधी टाकी रिकामी करून घ्यावी. पंपानंतरची नळी दाबाखाली असते, ती स्वतः न सोडता जाणकार मिस्त्रीकडून सोडवून घ्यावी.

आता आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी पंपावर जाऊन टाकी भरून आणतो, कारण भरलेल्या टाकीत हवा कमी राहते आणि वरचा पत्रा गंजत नाही. अर्धी टाकी सर्वांत वाईट. फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारे रसायन, घालायचे असेल तर ते याच वेळी, ताज्या पेट्रोलमध्ये घालून गाडी दहा मिनिटे चालवावी. खराब झालेल्या पेट्रोलवर त्याचा काहीही उपयोग होत नाही. घरी आल्यावर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून उरलेले थेंब काढतो आणि टोपणाजवळचे भोक तारेने मोकळे करतो. वर्षभराहून अधिक काळ कोणी येणार नसेल, तर मात्र टाकी भरून ठेवण्याऐवजी पूर्ण रिकामी आणि कोरडी करून ठेवणे बरे. शेजारच्या काकांना आम्ही पूर्वी ‘आठवड्यातून एकदा चालू करून ठेवा’ असे सांगत असू. दोन मिनिटे जागच्या जागी चालवल्याने इंजिन गरमही होत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचते. त्यामुळे आता काका पंधरा दिवसांतून एकदा ती कुडाळच्या बाजारापर्यंत नेऊन आणतात, आणि पेट्रोल भरल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी किल्लीला अडकवलेली असते, ती प्रत्येक वेळी बदलतात.